सॉक्रेटिसपुरती जागा

मी पाटी बोलतेय. हातात धरायची नव्हे, फाटकावर टांगायची, पत्र्याची. शाळेतून काढून टाकलेली आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म चामोर्शीत, गफ्फारभाई पेंटरच्या दुकानात. "एखादा सुविचार टाका," एवढंच हेडमास्तरांनी सांगितलं होतं. सुविचार गफ्फारभाईंनी आठवडी बाजारातून आणला, मासोळीसोबत. तिथं मासे विकणाऱ्या गिरजाबाईला तलाव समितीची माणसं समजावत होती, तलावात कंबरभरच पाणी आहे म्हणून. ती म्हणाली, "पान्यात उतरला नाई, त्यानं खोली सांगाची नाई."

गफ्फारभाईंनी शाळेसाठी भाषा धुऊन घेतली आणि माझ्यावर उतरवली: 'जो पाण्यात उतरला नाही, त्याने खोली सांगू नये.'

"खाली नाव कोणाचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"गिरजाबाईचं आहे सर. मासोळी विकते ना, ते."

"शाळेच्या फाटकावर मासोळीवाली? मोठ्या माणसाचं टाका, भाऊ."

मोठी माणसं गफ्फारभाईंकडे तीनच होती. टेपनं जागा मोजत ते पुटपुटले, "अ‍ॅरिस्टॉटल बाहेर जाते. प्लेटो लावला तर खाली-खाली दिसते. सॉक्रेटिस बराबर बसते." तीस वर्षं हेच. चामोर्शीपासून आलापल्लीपर्यंत सॉक्रेटिस जे जे बोलला, ते जागा पाहून बोलला.

दोन वर्षं पोरं माझ्याखालून निमूट गेली. मग गिरजाबाईची नात डिंपल आठवीत आली. ते वाक्य तिनं लहानपणापासून घरी ऐकलेलं. शाळेच्या कार्यक्रमात भाषण करताना म्हणाली, "फाटकावरचं वाक्य माझ्या आजीचं आहे."

सगळे हसले. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "खोटं बोलले, असं सगळ्यांसमोर कबूल कर. नाहीतर शाळेत येऊ नको."

डिंपल थेट दुकानात गेली. "काका, तुमी आयकलं होतं ना आजीच्या तोंडून? चला, सांगा सरले."

गफ्फारभाईंच्या हाती शाळेच्या भिंती रंगवायचं नवं काम आलं होतं. ब्रश पुसत म्हणाले, "मले याद नाई, बेटा."

डिंपलनं कबूल केलं नाही. तिची शाळा सुटली ती कायमची.

पुढं तपासणीला आलेल्या एका बाईंनी सहज विचारलं, "सॉक्रेटिस हे कुठं म्हणाला?" दुसऱ्याच दिवशी मी भंगारात. पाटी उतरवायला हेडमास्तरांना एक दिवस लागला. डिंपलला बोलावणं अजून गेलेलं नाही. वयानं मोठे आहेत ना, त्यांच्याकडून चूक होत नसते.

भंगारातून मला गिरजाबाईनं उचललं. तिला वाचता येत नाही. पत्रा जाड दिसला म्हणून घेतलं. आता बाजारात माझ्यावर मासोळ्यांची खवलं काढतात. सुरी नेमकी खालच्या ओळीवर चालते. सॉक्रेटिस पार खरवडून गेला.

वाक्य काय आहे ते डिंपलनं वाचून दाखवलं, तशी गिरजाबाई हसली. "मंग नाव तूच लिही ना वं. तुले तं येते."

"मी काऊन लिहू? ज्यानं चुकीचं लिवलं त्यानं लिवावं."

गफ्फारभाई दर बाजाराला येतात. रोहू मागतात, माझ्याकडे बघायचं टाळतात.

गफ्फारभाई, पुढच्या बाजाराला टेप आणू नका. मी मोजून ठेवलंय, गिरजाबाई बराबर बसते. फक्त ब्रश आणा. मग मला त्याच फाटकावर घेऊन चला. मी एकटी येणार नाही. डिंपल पुढं चालेल.