सगळं बरं आहे, साहेब

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, आणि मास्तरांच्या हातातला तर नव्हेच. दवाखान्यात तुमच्या आजीच्या दंडाला गुंडाळतात, रबरी फुगा दाबून फुगवतात आणि गोल तबकडीवरचा काटा पाहत रक्तदाब मोजतात, तो मी. माझा निळा रंग आता विटला आहे, कडेची शिवण दोनदा घातलेली आहे, तरी काटा अजून खोटं बोलत नाही.

कुठल्या कारखान्यात मी जन्मलो ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते मालवण तालुक्यातल्या तोंडवलीला आलो तेव्हापासूनचं. या किनाऱ्यावरची तरणी मुलं मुंबईला, नाहीतर गोव्याला जातात आणि मागे म्हातारी माणसं एकटी राहतात. होड्यांवर कामाला परमुलखातून आलेले खलाशी असतात, त्यांना तर इथे विचारणारं कुणीच नसतं. अशांसाठी सरकारने एका संस्थेला अनुदान दिलं. त्या अनुदानातून मी आलो, गोळ्यांचा डबा आला आणि अस्मिता सिस्टरांचा पगार निघू लागला. आम्ही तिघं एकाच अनुदानाची लेकरं.

दर मंगळवारी सिस्टर स्कूटरच्या डिकीत मला घालून यायच्या आणि सुरूच्या झाडांखाली खुर्ची टाकून बसायच्या. समोर किनाऱ्यावर रापण ओढली जात असे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. अख्खी वाडी दोराला लागते आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कुणी का असेना. सिस्टरांचा हात दोराला कधीच लागला नाही, तरी त्यांच्या पिशवीत बांगडे पडायचे. हरिश्चंद्र तांडेल म्हणायचे, "सिस्टर आमचे हात वडतत, आमी दोर वडतो. वांटो तर व्हयोच."

हरिश्चंद्र हे रापणीचे म्होरके. त्यांचा दंड एवढा जाड, की मी जेमतेम पुरायचो. म्हाताऱ्या फेलिसिदादमायचा दंड अगदी उलटा, वाळक्या शेंगेसारखा. माय एकटीच राहायची, मुलगा मडगावला. सगळ्या वाडीत तिचा शब्द चालायचा. कुणाच्या घरी जेवायला काय करायचं हेसुद्धा ती सांगायची आणि लोक निमूट ऐकायचे.

या माणसांची एक गंमत मला लवकर कळली. कसे आहात विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, बरा आसा. गुडघे सुजलेले, डोकं गरगरतंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तरी बरा आसा. मग सिस्टर मला दंडावर गुंडाळायच्या आणि खरं काय ते काट्याला दिसायचं. सिस्टर हसून गोळ्या द्यायच्या. तोंडाचं तोंडापाशी आणि दंडाचं माझ्यापाशी, असं आमचं छान चाललं होतं. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

मग एकदा निरोप आला. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला जिल्ह्याहून साहेब पाहणीला येणार होते.

वाडीत लगीनघाई उडाली. मायने सूत्रं हातात घेतली. शाळेच्या खोलीसमोर रांगोळी निघाली, घराघरांतून वडे आणि सोलकढी आली. म्हाताऱ्यांना ठेवणीतले कपडे घालायला लावले. मायने सगळ्यांना बजावलं, "पावणो दारात इलो काय आपली दुखणी काडूची नसतत. बरा दिसणा नाय ता." सिस्टर म्हणाल्या, "माय, ते पाहुणे नाहीत, ते बघायलाच येतायत." माय म्हणाली, "दारात येता तो पावणोच गो." आणि माझं काय केलं ठाऊक आहे? टेबलावर भरतकामाचं कापड घालून त्यावर मला ठेवलं आणि वर झेंडूचा हार घातला. हार विस्कटेल म्हणून दिवसभर कुणी मला हात लावेना. पट्ट्याचा देव झाला आणि देवाला कामाला कोण लावणार?

साहेब माणूस चांगला होता. शांतपणे प्रत्येकाची चौकशी करत होता. पण साहेबांसमोर आपली मालवणी बोलायची नसते, म्हणून सगळे इस्त्रीच्या मराठीत बोलू लागले. "आजी, तब्येत कशी आहे?" त्यांनी मायला विचारलं.

"सगळं बरं आहे, साहेब," माय म्हणाली. "आपण वडे घ्या ना."

"चक्कर वगैरे?"

"छे हो. काहीच त्रास नाही."

हरिश्चंद्र तांडेलांनी तर छाती फुगवून दाखवली. खलाशी मागच्या बाजूला उभे होते, तेही माना डोलवत राहिले. सिस्टर मध्ये बोलू गेल्या, तर मायने त्यांच्या हातात सोलकढीचा पेला दिला. मी हाराखाली तळमळत होतो. एकदा, फक्त एकदा कुणाच्या तरी दंडावर मला बांधा रे. पण पट्ट्याला तोंड नसतं.

साहेबांनी जाताना गावाचं मनापासून कौतुक केलं. पुढच्या महिन्यात निर्णय कळला. तोंडवलीचे लोक निरोगी दिसले, तेव्हा हे अनुदान अधिक गरज असलेल्या दुसऱ्या गावाकडे वळवावं. त्यात त्यांचं तरी काय चुकलं?

मी सिस्टरांच्या कपाटात जाऊन पडलो. डबा रिकामा झाला. सिस्टर मालवणात एका खाजगी दवाखान्यात लागल्या. सवड मिळाली की त्या वाडीत एक फेरी मारत, पण नुसता दाब मोजून काय उपयोग, द्यायला गोळी नव्हती. मंगळवार आला की मला करमत नसे. माझ्या रबराला बारीक भेगा पडू लागल्या.

आणि एका सकाळी रापण ओढताना हरिश्चंद्र तांडेलांच्या हातातून दोर सुटला. उभ्या आयुष्यात कधी सुटला नव्हता. ते वाळूत बसले, तोंड एका बाजूला वाकडं झालं. लोकांनी त्यांना मालवणला नेलं, जीव वाचला. पण लकव्याने डावा हात गेला तो गेलाच. आदल्या दिवशीच कुणीतरी त्यांना कसं आहे विचारलं होतं. ते म्हणाले होते, बरा आसा.

माय त्यांना बघून आली आणि तडक सिस्टरांच्या घरी गेली. खुर्चीवर बसली नाही. "माझ्यामुळा झाला ह्या," म्हणाली. "तेका साहेबासमोर मिया गप बसयलंय. त्या साहेबाक परत बोलव."

बोलावणं सोपं नव्हतं. सिस्टरांनी पुष्कळ खेटे घातले, माय प्रत्येक वेळी बरोबर गेली. शेवटी साहेब पुन्हा आले. या वेळी रांगोळी नव्हती, वडे नव्हते. सुरूच्या झाडांखाली खुर्ची मांडली होती आणि मी सिस्टरांच्या हातात होतो, बिनहाराचा.

माय खुर्चीवर बसली. सगळी वाडी भोवती उभी होती. हरिश्चंद्र तांडेल डावा हात मांडीवर ठेवून दगडावर बसले होते. साहेबांनी विचारलं, "आजी, कशा आहात?"

मायने तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात तिने ते वाक्य परक्यासमोर उच्चारलं नव्हतं. सिस्टर मदतीला धावल्या नाहीत. मग माय बोलली, आपल्या भाषेत.

"माका बरा नाय."

तिने बाही वर केली. "चक्कर येता. रातची झोप लागणा नाय. गेल्या खेपेक मी खोटा बोललंय, साहेबांनू. हेंकाय खोटा बोलाक लावलंय. बांध गो पट्टो."

सिस्टरांनी फुगा दाबला. साहेब वाकून काट्याकडे बघत राहिले. मग मागून एक खलाशी पुढे आला आणि त्याने शर्टाची बाही वर केली. त्याच्यामागे दुसरा. त्या दिवशी मला दुपारपर्यंत उसंत मिळाली नाही आणि आयुष्यात मी एवढा सुखी कधी झालो नाही.

नाताळाच्या आधी अनुदान पुन्हा सुरू झालं. गोळ्या आल्या, सिस्टर परत आल्या. आणि हो, बटण दाबलं की आकडे दाखवणारं नवं कोरं यंत्रही आलं. थोडं वाईट वाटलं मला, कशाला लपवू? पण हरिश्चंद्र तांडेलांचा हात काही कुठल्या अनुदानाने परत आला नाही. डावा दंड आता इतका बारीक झालाय, की मला दोन वेढे द्यावे लागतील.

मित्रांनो, माझ्यासारख्या पट्ट्याला पुसून, कोरड्या जागी ठेवा. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कसं आहे विचारलंत आणि बरं आहे असं उत्तर आलं, तर लगेच उठून जाऊ नका. जवळ बसा, दंडावर हात ठेवा आणि पुन्हा विचारा.

नव्या यंत्रावर मायचा विश्वास नाही. तिच्यासाठी सिस्टर मलाच काढतात. परवाच्या मंगळवारी ती बसली, बाही वर केली आणि म्हणाली, "आज मात्र खराच बरा आसा हां."

सिस्टरांनी फुगा दाबला, सोडला. काटाही तेच म्हणाला.