कुंपणापलीकडचा वाटा

"शिरा पडो त्या हसण्यार!" प्रेमलता म्हणाली आणि नारळाची कवड खोवणीवर अशी दाबली की करवंटीचा काळा चुराही खोबऱ्यात पडला.

कुंपणापलीकडे तिच्या धाकट्या जावेच्या, संचिताच्या अंगणात हसण्याला ऊत आला होता. आज रविवार, त्यात सकाळची ओहोटी. असा योग आला की संचिता, तिचा नवरा निलेश आणि मुलगी भक्ती टोपल्या घेऊन कर्लीच्या खाडीवर तिसऱ्या काढायला निघत. चिखलातले शिंपले ते! फुकटचे! पण निघताना थाट असा, की जणू विमानच पकडायचं आहे.

"आये, मी पण जातंय गो!" आरोही दारातून ओरडली. प्रेमलतेची एकुलती एक लेक, आठवीतली.

"खंय? पुण्याचे पावणे आसत घरात. माका हातभार कोण लावतलो?"

"मी केल्लां तुका खंय आवडता? पोळी केलंय तर म्हणतस वाकडी. बेडें तू बांधलंस म्हणान रस्त्यान जातंय हां!" आणि गेलीसुद्धा.

दोन घरांच्या मधल्या कुंपणात ये-जा करायची वाट होती, तिला सगळे बेडें म्हणत. सासऱ्यांच्या वेळेपासूनची. पंधरवड्यापूर्वी प्रेमलतेने ती होडीच्या नायलॉनच्या दोरीने करकचून बांधली. संचिताच्या कोंबड्या येतात, असं तिने सांगितलं. कोंबड्या बिचाऱ्या उगाच बदनाम झाल्या. खरं दुखणं आरोही तिथे रमते हे होतं, आणि या पोटदुखीवर ओवा चालत नाही.

तसं प्रेमलतेला कमी काय होतं? तारकर्लीत समुद्राजवळ पाहुण्यांसाठी दोन एसी खोल्या, नवरा सुदेशची स्वतःची होडी. संचिताकडे निलेशचं गवंडीकाम आणि पावसात गळणारी पडवी. पण सुदेश पहाटेच पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला जाई. लोकांच्या बायकापोरांना हात धरून होडीत चढवणारा माणूस. स्वतःची बायको त्या होडीत शेवटची कधी बसली, ते त्याला आठवायचंही नाही. मे महिन्यात प्रेमलतेने हट्टाने तिघांची गोव्याची सहल काढली. चांगलं हॉटेल, मॉल, आइस्क्रीम, सगळं झालं. सुदेश सारा वेळ फोनवर बुकिंग घेत राहिला आणि आरोही कानात हेडफोनची बोंडं घालून बसली. परत आल्यावर मात्र तीच पोरगी भक्तीला विचारत होती, "माज्याशिवाय खाडयेर गेलास?" त्या दिवसापासून प्रेमलतेच्या डोळ्यांत संचिता सलत होती.

पाहुण्यांचा नाश्ता उरकला आणि तिला राहवेना. आरोहीला बखोटीला धरून आणायचंच, असं ठरवून ती तरातरा खाडीवर गेली.

पाणी ओसरलं होतं. गुडघाभर चिखलात चौघं ओळीने उभी राहून पायांच्या बोटांनी तिसऱ्या चाचपत होती. पायाला कडक लागलं की वाकायचं, मूठभर चिखल उपसायचा. भक्तीने उपसलेल्या मुठीत नुसताच दगड निघाला आणि आरोही हसता हसता मागे बसली, थेट चिखलात. आपली मुलगी अशी तोंड उघडून हसते हे प्रेमलता विसरूनच गेली होती. संचिताने पुढे होऊन आपल्या पदराने आरोहीचा गाल पुसला. पोरीने गाल पुढे केला, अगदी सवयीने. प्रेमलतेचा तिळपापड झाला.

"आरोह्या! चल घराक!"

"रव गो जरा. वाटे घालतत."

काठावर ओलं पोतं पसरून निलेश मुठीमुठीने वाटे घालत होता. ही त्यांच्या घराची जुनी रीत. माणसागणिक वाटा, लहान-मोठं बघायचं नाही, आणि ज्याने त्याने आपल्या वाट्याच्या तिसऱ्या आपण कापायच्या. चौघांचे चार वाटे झाले. मग निलेशने पाचवा घातला. आरोहीने तो एका फडक्यात बांधायला घेतला. हेच फडकं दर वेळी घरी येई आणि प्रेमलता त्यातल्या तिसऱ्या पाहुण्यांना रांधून वाढी.

आता तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "माज्या चेडवाक दिवसभर चिखलात राबवतास आणि मूठभर तिसऱ्यांवर तिची बोळवण करतास? लाज नाय वाटणा, संचिता?"

संचिताचं तोंड उतरलं. बोलली ती आरोहीच. "ह्यो माजो नाय. माजो मी काकीकडेच खातंय. ह्यो तुजो."

"माजो?"

"घरातल्या माणसाचो वाटो घालूचोच लागता, वयनी," निलेश म्हणाला. "दादाच्या अंगार पित्त उठता म्हणान तेचो नाय."

"तुमका एकशिपी आवडता," संचिता हळूच म्हणाली. "लग्न होवन इलास तेवा परातभर एकट्यान खाल्लास म्हणे. मामंजी सगळ्यांका सांगीत."

एकशिपी, म्हणजे एका शिंपीत मांस ठेवून केलेलं तिसऱ्यांचं सुकं. प्रेमलतेच्या तोंडाला पाणी सुटायचं तिच्या नावाने. आणि शेवटची कधी खाल्ली? पाहुण्यांसाठी लावलेल्या पाटीवर मात्र तिने स्वतः रंगवून घेतलं होतं, 'घरगुती एकशिपी'. आपला वाटा ती इतके दिवस परक्यांच्या ताटात वाढत होती. फडकं तिने स्वतःच उचललं आणि आरोहीला न घेताच घरी आली.

तिसऱ्या मिठाच्या पाण्यात टाकल्या, पण धीर कुठला? रेव पुरती निघायच्या आत तिने विळीवर त्या कापायला घेतल्या. दुपारी फोडणीचा वास सुटला तसे पाहुणे स्वयंपाकघरात डोकावले.

"वा! आज एकशिपी का?"

"नाही हो. तुम्हाला बांगडा आहे," प्रेमलता म्हणाली. "ही घरच्यांसाठी केली आहे."

त्यांना वाढून झाल्यावर गरम टोप पदरात धरून ती कुंपणाशी गेली. पलीकडे पानं मांडल्याचा आवाज येत होता. एका हाताने तिने दोरी सोडवून बघितली. गाठी तिच्याच, आणि बांधताना तिने कुठे हात राखला होता! बोटं सोलवटली, पण गाठ हलेना. शेवटी रस्त्याने वळसा घालणं आलं. भर उन्हात, टोपासकट, सगळ्या वाडीदेखत.

नाक्यावरच्या दुकानातून बाबलीने हाक मारलीच. "काय वयनी, पार्सल खंय?"

"पार्सल नाय रे. माजो वाटो आसा."

संचिताच्या पडवीत ती पोचली तेव्हा जेवणं सुरू झाली होती. आरोही भक्तीला चिकटून बसली होती, हात आमटीने माखलेले. प्रेमलतेच्या पोटात पुन्हा एक कळ आलीच. ती काय एका दिवसात जाते? संचिताने भिंतीला टेकवलेला पाट ओढून दिला. आरोहीने टोपातली एक शिंपी उचलली, तोंडात घातली आणि तिच्या दाताखाली रेव कचकन वाजली. तिने आईकडे बघितलं. मग तशीच गिळून दुसरी उचलली.

"निलेश," प्रेमलता खाली मान घालून म्हणाली, "जेवन झाला की कोयतो घेवन ये. बेड्याच्या गाठी माज्यान सुटनत नाय."