मागचा ओटा

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, तोवरच मोहिनीने मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने सभागृहाच्या भिंती आखायला घेतल्या. नकाशा कागदावर दाखवला की बायका नुसत्या माना डोलावतात, पण तोच जमिनीवर आखून दिला की भांडायला लागतात, हे आर्किटेक्ट झाल्यापासून तिला चांगलं कळलं होतं. आणि तिला भांडणच हवं होतं.

"इथे तुमचा स्वयंपाक," ती म्हणाली. "या, उभ्या राहा आत. परात घेऊन वळता येतंय का सांगा."

बेबाबाई पदर खोचून पांढऱ्या रेघांच्या आत शिरली. शिंदखेड्याचं माहेर, जळगावला सासर, आणि उभा जन्म महापालिकेच्या झाडूवर गेलेला. तिने हाताने काल्पनिक परात फिरवली आणि नाक मुरडलं.

"ताई, आठे खिडकी जोयजे. धूर कथा जाई? आमना डोयामा?"

"काढली खिडकी."

"नी मोरी तिकडे सरकाव. पानी आंगनमा येवाले नको."

मोरीही सरकली. बायका हसत होत्या. बेबाबाईची मुलगी मयुरी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि लाजून बाहेर आली, कारण तिचं लग्न ठरत आलं होतं आणि सगळ्यांनी तिथे उभ्या असलेल्या नवरीची कल्पना केली होती. "मयुरीचं लग्न या हॉलमधलं पहिलं," मोहिनीने सगळ्यांसमोर शब्द देऊन टाकला.

ही जागा म्हणजे महापालिकेचा खुला भूखंड. त्याच्या पुढे कॉलनी, मागे वस्ती. कॉलनीत पहूर, जामनेर, बोदवडकडची मंडळी. गावाकडे केळी आणि कपाशी, शहरात दुमजली बंगला, दारात गाडी, आणि तोंडात "आता कुठं राहिली जातपात?" हे वाक्य कायमचं मुक्कामाला. वस्तीत सफाई कामगारांची घरं. या भूखंडावर वस्तीच्या कुरडया वाळत आणि वस्तीचीच लग्नं लागत. महापालिकेने कॉलनीच्या मंडळाला तिथे सभागृह बांधायला परवानगी दिली ती एका अटीवर, की सभागृह दोघांचंही असेल. वस्तीतल्या पोरांना यात काळंबेरं दिसत होतं. त्यांनी हरकत घेतली असती तर कुदळही पडली नसती. पण बेबाबाईने त्यांना गप्प केलं. "ताई आपली शे," ती म्हणाली, आणि विषय संपला.

मोहिनीने त्या इमारतीत जीव ओतला. मे महिन्यात जळगावात दुपारी घराबाहेर पाय ठेववत नाही, म्हणून तिने मध्ये पोकळी ठेवून दुहेरी भिंती घेतल्या. वाऱ्यासाठी विटांच्या जाळ्या केल्या, छतावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले आणि छपराचं पाणी साठवायला अंगणाखाली टाकी घेतली. एसीची गरज नाही, विजेचं बिल जेमतेम. पहाटेची झाडलोट करून आलेल्या बायकांना घटकाभर पाठ टेकायला एक गार खोली आणि त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर. वस्तीच्या बायका कामावरून आल्या की पाइप धरून नव्या भिंतींना पाणी मारत. आपल्याच घराला मारावं तसं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे मोहिनीचे वडील, लोटननाना. मुलीला आर्किटेक्चरला पाठवलं तेव्हा भाऊबंद हसले होते, आणि नाना छाती काढून म्हणाले होते, "माही पोर गाव बांधीन." वस्तीतून निघणाऱ्या जयंतीच्या मिरवणुकीवर फुलं उधळायला ते दरवर्षी कॉलनीच्या तोंडाशी उभे असत. मोहिनीला आपल्या बापाचा अभिमान होता. इतका, की त्यांच्या बोलण्याला दुसरी बाजू असू शकते, हे तिच्या मनातही कधी आलं नाही.

काम जोत्यापर्यंत आलं असताना एकदा जेवताना नाना म्हणाले, "मोहिनी, माह्यं एक ऐक. वस्तीतल्या बायाईले सारा वळसा घालून समोरून यावं लागीन. उन्हातान्हात काहून? मांगं त्याईच्या गल्लीत एक दार काढ. चांगला मोठा ओटा कर, नळ दे, हात धुवाले जागा दे. त्याईचं त्याईले मोकळं."

मोहिनीचे डोळे भरून आले. एवढा विचार तर आपणही केला नाही, असं तिला वाटलं. तिने त्याच दिवशी मागचा ओटा काढला, आणि सगळ्या इमारतीत जास्त माया त्या ओट्यावर केली. वर जाळीची सावली, बसायला बुटका कट्टा, आणि हॉलच्या बाजूने भिंतभर घडीचा दरवाजा, म्हणजे तो सरकवला की हॉल आणि ओटा एकच. खिडकी, मोरी, सगळं तिने बायकांना विचारलं होतं. हा ओटा तेवढा विचारला नाही. चांगल्या गोष्टीला काय विचारायचं?

शेवटचे काही आठवडे तिला धुळ्याच्या एका शाळेच्या कामावर राहावं लागलं. ती परतली ती थेट वास्तुशांतीच्या दिवशी. जेवण अर्थातच वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. दारात रांगोळी, आत पंगत बसलेली, आणि बाहेर ऊन रटरटत असताना हॉलमध्ये सुखद गारवा. मंडळातले सगळ्यांत वडीलधारे झुलालआबा, त्यांनी भिंतीला हात लावून बघितला. "पोरी, मानलं तुले!" ते म्हणाले. मोहिनीला आकाश ठेंगणं झालं.

मग तिच्या लक्षात आलं, की पंगतीत वस्तीतलं कोणीच नाही. उशीर झाला असेल, असं तिला वाटलं. पण घडीचा दरवाजा बंद होता आणि त्याच्यापलीकडून बोलणं ऐकू येत होतं. वारा यायला हवा म्हणून ती दरवाजा सरकवायला गेली. खाली-वर दोन्हीकडे कड्या घातलेल्या होत्या, आतल्या बाजूने. तिने वाकून खालची कडी काढली, तेवढ्यात वाढप्यांवर नजर ठेवणारा चुलतभाऊ कुंदन धावत आला.

"ताई, ऱ्हाऊ दे ना. नानांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

कुंदनने नजर चुकवली. मोहिनी पुढच्या दाराने बाहेर पडून पूर्ण वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. ओट्यावर वस्ती जेवायला बसली होती. आत स्टीलची ताटं, इथे कागदी पत्रावळ्या. वाढणारी पोरं कॉलनीची होती, आणि पानाला हात लागू नये म्हणून वरण वरूनच सोडत होती. पाणी ओट्यावरच्या नळाचं. जाळीची सावली मात्र सुरेख पडली होती, अगदी तिने कागदावर काढली होती तशी.

ती तशीच परत फिरली आणि नानांना स्वयंपाकघरात गाठलं.

"नाना, मागे त्यांना वेगळं बसवलंय."

"मंग? जेवाले तेच घातलं ना? तूपही तेच शे."

"दरवाजा का बंद आहे?"

नाना हसले. समजूत घालायच्या वेळी हसत, तसंच. "अवं, म्हणून तर तुले मांगचा ओटा काढाले सांगतला. तुह्या नकाशातली एक वीट मी हलवली नाही, पाह्य. तुले काय वाटलं होतं?"

खरंच, एक वीट हलली नव्हती.

"आणि मयुरीचं लग्न?"

"ओट्यावर लावा म्हना की. खुशाल. पण हॉलमधी नाही. आज हॉल देला, तर उद्या आपल्या पोरीबाळीचं लग्न कोन लावीन तठी? आबा मंडळ सोडतीन. लोक ताटाले हात लावाचे नाही. मी एकटा काय करू?" ते जवळ आले, आवाज खाली आला. "मले सोताले काही वाटत नाही, मोहिनी. तुले माहीत शे. पण समाजात ऱ्हावं लागते."

हे "मला स्वतःला काही वाटत नाही" आपल्याकडे किती घरांत बोललं जातं! कोणालाच काही वाटत नाही, आणि तरी कडी मात्र बरोबर लागते.

बाहेर एकदम शांतता झाली. मोहिनी पुन्हा मागे धावली. बेबाबाई पानावरून उठली होती आणि तिच्यामागे बायका एकेक करून उठत होत्या. बट्ट्या पत्रावळीत तशाच पडल्या होत्या. बेबाबाईने हात धुतले नाहीत, कारण तिने अन्नाला हात लावलाच नव्हता.

"ताई," ती शांतपणे म्हणाली, "पोऱ्हे म्हनतस, हाई दार मोहिनीताईनीच काढं. खोटं शे ना?"

मोहिनीला वाटलं, सांगावं सगळं. नानांनी सुचवलं, मला कळलं नाही, मी फसले. सगळं खरंच होतं. पण उत्तर एवढंच होतं: "मीच काढलं, मावशी."

बेबाबाईचा चेहरा पडला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मंग आम्हले इचारं कसाले, बैन? खिडकी कथी, मोरी कथी, बठ्ठं इचारं तू. नी ज्या दारतून आम्हले बाहेर ठेवनं व्हतं, तेवढंच इचारं नही." तिने मयुरीचा हात धरला. "चाल वं."

घरी आल्यावर मोहिनीने आईला विचारलं. पुष्पाबाई गॅसपुढे पाठ करून उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं, आई?"

"होतं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू किती खूश होती त्या ओट्यावर," पुष्पाबाई म्हणाल्या. "आन् या घरात माह्या बोलण्यानं कधी काही झालं का?" त्या वळल्या नाहीत. बापाने फसवलं ते मंडळासाठी, आईने फसवलं ते घराच्या शांततेसाठी, आणि दोघांनीही प्रेमाने. मोहिनीला रडूही आलं नाही, इतका राग आला होता.

दोन दिवसांनी नाना दाखल्याचा विषय घेऊन आले. काम नकाशाप्रमाणे पूर्ण झालं आहे, असं आर्किटेक्टने लिहून दिल्याशिवाय महापालिका इमारत वापरू देत नाही. उद्घाटनाची तयारी सुरू झाली होती, तिच्या सत्काराची शालही आली होती.

"मी सही करणार नाही," मोहिनी म्हणाली.

"काहून? काम नकाशापरमानं नाही का?"

"तंतोतंत आहे. म्हणूनच नाही. मागचं दार विटांनी बुजवा, तो घडीचा दरवाजा काढून टाका. सगळे एकाच दाराने येतील, एकाच पंगतीत बसतील. पहिलं लग्न मयुरीचं. मग सही."

"मी दुसरा आर्किटेक्ट आनीन."

"आणा. मी महापालिकेत जाऊन सांगेन, की जागा दोघांना दिली होती आणि वस्तीला मागच्या ओट्यावर बसवलं. कोणी बसवलं, तेही सांगेन."

"मी तुले शिकवलं," नाना म्हणाले, "ते बापाची अब्रू गावात मांडाले?"

"तुम्ही मला गाव बांधायला शिकवलंत, नाना. आणि माझ्याच हाताने हे बांधून घेतलंत. मला आधी सांगितलं असतंत तर मी भांडले असते. तुम्ही मला ते भांडणही करू दिलं नाहीत."

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. मोहिनीने सही केली नाही आणि सभागृहाला कुलूप लागलं. मंडळातले लोक नानांना म्हणू लागले, पोरगी हाताबाहेर गेली. नानांनी दार बुजवलं नाही. अजूनही बुजवलेलं नाही.

मयुरीचं लग्न ठरल्या तिथीला लागलं, वस्तीच्या गल्लीत. भूखंडावर इमारत उभी राहिल्याने आता दुसरी जागाच उरली नव्हती. वर कापडी मांडव, खाली तापलेला डांबरी रस्ता, आणि भिंतीच्या पलीकडे कुलपातला गार हॉल. मोहिनीला निमंत्रण नव्हतं. तरी ती गेली, मांडवाच्या कडेला उन्हात उभी राहिली. अक्षता पडल्यावर बेबाबाई तिच्याजवळ आली. घामाने तिचा पदर ओला झाला होता.

"सही करी नही म्हने तू."

"नाही केली."

"बरं करं. पन मन्ही पोरनं लगन उनमाच लागनं."

मोहिनीने मान खाली घातली. मग म्हणाली, "मावशी, मी ते दार बुजवेपर्यंत मागे हटणार नाही. आणि नकाशा पुन्हा काढेन. या वेळी दारापासून विचारेन."

"काढ. इचार." बेबाबाईने तिच्याकडे सरळ पाहिलं. "पन मी हा म्हनसू, हाई तू धरी चालू नको."

पंगती बसू लागल्या तशी ती पाहुण्यांकडे वळली. आपल्या खानदेशात लग्नमांडवावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पानावर बसवतात. त्या दुपारी मोहिनीला कोणी जेवायला बस म्हणालं नाही, आणि का म्हणालं नाही, हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही.