बोर्डावरचा कोट

"अहो पेंटर, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? शुक्रवारी विनोदी सिनेमा लागतोय, आणि तुम्ही हा पळपुट्या परत कशाला काढलात?"

थिएटरचा मॅनेजर रस्त्यावरून ओरडत होता. पेंटर वर परांचीवर बसून कोटाची उजवी कॉलर उभी करत होता. डावी पडलेली, उजवी उभी. मागच्या वेळी तशीच होती.

"आजचा दिवस राहू द्या, साहेब. संध्याकाळी माझ्या हातानं पुसतो."

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने डोळ्यांवर हात धरून बोर्डावरचा चेहरा नीट पाहिला. मग खाकरला, "उरका लवकर," एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला. गावात तो चेहरा आता सगळ्यांना माहीत झाला होता.

सिनेमा जुना होता. एक नाकासमोर चालणारा कारकून. लोक त्याला भलताच कोणीतरी समजतात, पोलीस मागे लागतात, गुंड मागे लागतात, आणि हा बिचारा अंगावरच्या कोटानिशी पळत सुटतो. दोन-तीन वर्षांनी थिएटरवाले तो पुन्हा लावायचे आणि दर वेळी बाहेर हाऊसफुल्लची पाटी लागायची. शेवट सगळ्यांना पाठ. तरी बायका पदर तोंडात धरून बसायच्या आणि धट्टेकट्टे पुरुष खुर्चीचा हात घट्ट धरायचे.

"लोक परत परत का येतात, सांगू का दादा?" धाकटा म्हणायचा. पेंटरचा हा धाकटा भाऊ पंप दुरुस्त करायचा. "आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं की तो निर्दोष आहे. कितीही भीती वाटली तरी खाली गादी अंथरलेली असते. आणि दुसरं म्हणजे, आपल्यालाही लोकांनी एकदा 'कोणीतरी' समजावं असं वाटतंच की! मला तर लोक मीसुद्धा समजत नाहीत. 'ए पंप, इकडे ये' म्हणतात."

असं म्हणून तो स्वतःच खो-खो हसायचा.

मागच्या खेपेला वितरकाकडून जो फोटो आला त्यात नायक ऐटीत उभा राहून हसत होता. पेंटरला हवा होता पळणारा माणूस. मग त्याने धाकट्याला अंगणात पळायला लावलं. "मागे वळून बघ. घाबर. अरे, घाबर म्हणतो ना!" धाकटा घाबरायचा आणि दुसऱ्या क्षणी हसायचा. त्याची बायको दारात उभी राहून पोट धरून हसत होती. पेंटरने चेहरा धाकट्याचा घेतला आणि अंगावर नायकाचा कोट चढवला. चौकातून जाणाऱ्या कुणालाही फरक कळला नाही. नायक कसा दिसतो हे बघायला लोक बोर्डाकडे बघत नाहीत, कोणता सिनेमा लागलाय ते बघतात. शिवाय पेंटरच्या हातात कसब होतं, आणि त्या कसबाचा त्याला तेव्हा फार अभिमान होता.

बोर्ड चौकात महिनाभर उभा होता. चौकाच्या पलीकडे औषधांचं दुकान होतं. एका दुपारी कोणीतरी आत शिरून म्हाताऱ्या दुकानदाराच्या डोक्यात वजनाचा दगड घातला आणि गल्ला घेऊन पळालं. पळणाऱ्याला पाहिलं एकट्या मास्तरीणबाईंनी. शाळा सुटल्यावर त्या रोज त्याच चौकातून घरी जायच्या. दुकानाच्याच इमारतीच्या मागच्या बाजूला त्या दुपारी धाकटा पंप खोलून बसला होता. पोलिसांनी आसपासच्या सगळ्यांना उचललं, ओळीत उभं केलं. बाई ओळीवरून चालत आल्या, धाकट्यापुढे थांबल्या आणि त्यांनी बोट रोखलं.

"हाच."

तेव्हा पेंटरला वाटलं होतं की उद्या सुटेल. चूक झाली, दुसरं काय! त्याच आठवड्यात नवा सिनेमा लागला म्हणून त्याने नेहमीसारखा बोर्डावर पांढरा रंग मारला आणि वर नाचणारी नटी काढली. आपण काय पुसतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते कळलं कोर्टात. बाई पिंजऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "अंगात करडा कोट होता. एका बाजूची कॉलर उभी होती. पळता पळता त्याने मागे वळून पाहिलं. ते डोळे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

पेंटर बाकावर बसून ऐकत होता. धाकट्याकडे जन्मात कोट नव्हता. करडा कोट होता तो बोर्डावर. बाईंनी पळणाऱ्याची पाठ पाहिली असेल, फार तर खांदा. चेहरा त्यांनी रोज येता-जाता चौकात पाहिला होता.

पेंटर तिथेच उठून ओरडला, तर शिपायाने त्याला खाली बसवलं. पुढे साक्ष झाली तेव्हा सरकारी वकिलाने विचारलं, "बोर्ड कुठे आहे?" ते चित्र नटीच्या खाली होतं. तिला टर्पेंटाइनने खरवडलं तर नटी आणि तो, दोघंही एकदमच निघाले आणि पत्रा उघडा पडला. बोर्डाचा फोटो कोण काढून ठेवतो? कोट सापडला नाही, म्हणजे आरोपीने तो फेकला असणार, असं निकालात लिहिलं गेलं. जन्मठेप झाली.

"सिनेमात एव्हाना इंटरव्हल होतो, दादा," जाळीपलीकडून धाकटा म्हणाला होता. हसायचा प्रयत्न केला त्याने. "शेवट कधी येतो रे?"

आता अपील होतं. वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई नुसतं 'माझी चूक झाली असेल' एवढं म्हणाल्या, तर घोडं पुढे सरकेल. नाहीतर देवाचं नाव घ्या." म्हणून पेंटर 'तो बोर्ड पुन्हा काढतो, एकदा येऊन बघा' म्हणायला पुन्हा पुन्हा शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. बाईंनी आधी तोंड फिरवलं, मग रागावल्या, आणि शेवटी कंटाळून म्हणाल्या, "येते. एकदा बघते. पण पुन्हा माझ्या वाटेत उभे राहू नका."

आज बाई आल्या. हातात छत्री, खांद्याला वह्यांची पिशवी. पेंटर घाईघाईने खाली उतरला, हात चिंधीला पुसले आणि बाजूला झाला.

बाईंनी मान वर केली. मग त्यांच्या हातातली छत्री खाली पडली.

"हाच," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी, बाई! हाच चेहरा तुम्ही रोज बघत होता. महिनाभर. दुकानातून पळाला तो वेगळा होता, त्याला तुम्ही हा चेहरा लावलात. दोन माणसं आहेत, बाई."

"दोन कुठे आहेत?" बाईंचा आवाज फुटला. "मला एकच दिसतोय. तोच कोट, तीच कॉलर."

"कोट मी काढलाय! माझ्या ब्रशनं!"

"कोर्टात मी सांगितला तसा काढलात." त्या रागाने बोलत नव्हत्या, हेच पेंटरला सोसेना. "तुम्ही भाऊ आहात, मी समजू शकते. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ते दुकानदार काका स्वतः जिना चढून औषध आणून द्यायचे. त्यांच्यासाठी मी एवढंच करू शकले. आता तुम्ही म्हणता, तेही चुकलं म्हण. तो बोर्ड मला खरंच आठवत नाही हो. बघा ना ते डोळे. निर्दोष माणसाचे डोळे असे असतात?"

पेंटरने वर पाहिलं.

बाई खरं बोलत होत्या. पहिल्या वेळचा चेहरा वेगळा होता. त्या भीतीमागे अंगणातलं हसू होतं, जवळच्या माणसाला ते दिसायचं. या वेळी समोर धाकटा नव्हता. पेंटरने आठवणीतून काढला, आणि आठवणीत अंगण उरलंच नव्हतं. निकाल ऐकताना पिंजऱ्यातला धाकटा जसा दिसला होता, तसाच्या तसा तो बोर्डावर उतरला होता. खचलेला, सगळ्यांनी दोषी ठरवलेला. कसबात कुठेही कसूर नव्हती.

"बाई, थांबा. मी परत काढतो. हसताना काढतो. उद्या या."

"नका हो," बाई म्हणाल्या. छत्री उचलून त्यांनी डोळे पुसले आणि चौक ओलांडून गेल्या. औषधांच्या बंद दुकानासमोर क्षणभर थांबल्या, आणि मग वळणावर दिसेनाशा झाल्या.

पेंटर परांचीच्या फळीवर टेकला. रडू आलं, ते त्याने येऊ दिलं. येणारे-जाणारे बघत होते, पण त्याची त्याला पर्वा नव्हती. ज्या हातावर जन्मभर पोट भरलं तो हात तोडून टाकावा असं त्याला वाटलं.

मॅनेजर बाहेर आला. "चहा सांगू का?" म्हणाला. पेंटरने मान हलवून नको म्हटलं आणि पांढऱ्याचा डबा उघडला.

पांढरा नेहमी वरून खाली मारत यायचा. खालून सुरुवात केली तर वरचे ओघळ झालेल्या कामावर उतरतात, हे शिकाऊ पोरालाही कळतं. पेंटर गुडघ्यांवर बसला आणि त्याने बुटांपासून सुरुवात केली.

"आज उलटं?" मॅनेजरने विचारलं.

"हो," पेंटर म्हणाला. "चेहरा जितका वेळ राहील तितका राहू दे."

बूट गेले, मग पोटऱ्या, मग गुडघे. थिएटरची घंटा झाली, लोक तिकिटं सांभाळत आत शिरले. वर बोर्डावर धाकटा अजून मागे वळून पाहत होता. पळायला मात्र त्याला आता पाय नव्हते.