आवडाबाईचे धवले

कल्पिताच्या कॉम्प्युटरवर जो अँटिव्हायरस ठाण मांडून बसला होता, तो व्हायरसपेक्षा वाईट होता. व्हायरस निदान गुपचूप येतो. हा दर दहा मिनिटांनी लाल खिडकी उघडून ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ म्हणून कोकलायचा, आणि धोका कसला ते बघायला जावं तर म्हणायचा, मुदत संपली, नवीन घ्या. गावातल्या तिच्या सेवा केंद्रात सातबारा काढायला आलेला माणूस आशाळभूतपणे प्रिंटरकडे बघत बसलेला, मागे होडीच्या नोंदणीचे कागद घेऊन दोघं ताटकळत उभे, आणि हा दीडशहाणा प्रिंटरलाच चोर समजून अडवून धरायचा.

तेही तिने सोसलं असतं. पण बुधवारी दुपारी त्याने आवडाबाईला अडवलं.

आवडाबाई म्हणजे कल्पिताची सासू. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. खाडीकाठच्या पाच-सहा गावांत आगऱ्यांचं लग्न तिच्याशिवाय पुढे सरकत नसे. भटजीला उशीर झालेला चालायचा, पण लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण आधी हजर हवी. प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, वेगळा. त्याची ओळ तिने उचलायची आणि मागे बसलेल्या बायकांनी झेलायची. कल्पिता पंधरा वर्षं तिच्या मागे बसून झेलत आली होती. आवाज गोड, ताल पक्का. पण झेलणारीला ओळीचं शेपूट तेवढं ठाऊक असतं. उतरवून घेते म्हटलं की म्हातारी उखडायची.

“मांडव न्हाय, हलद न्हाय, न् आसा बसल्या बसल्या धवला कसा येल गो? तो काय तुजा अर्ज हाय?”

त्यामुळे आवडाबाईचा आवाज उरला होता तो एकाच ठिकाणी. कल्पिताच्या नणंदेच्या लग्नात अलिबागच्या एका स्टुडिओवाल्याने तेव्हाच्या फॅशनप्रमाणे कॉम्प्युटरवर चालणारा अल्बम करून दिला होता. दोनदा क्लिक केलं की फोटोंची पानं आपोआप उलटायची आणि मागे हळदीचे सगळे धवले सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजायचे. पुढे त्याची सीडी चरे पडून गेली आणि स्टुडिओही बंद झाला. अल्बम मात्र कल्पिताच्या कॉम्प्युटरमध्ये होता. आहे की तिथे, जातोय कुठे, असं म्हणत तिने दोन वर्षं घालवली. आपण सगळेच घालवतो.

आता रविवारी मोठ्या जावेच्या, सगुणाच्या मुलीची, प्राप्तीची हळद होती. सगुणाने बजावून ठेवलं होतं, “बाहेरची धवलारीन आनाची न्हाय. आयचेच धवले पायजेत. तू बस.” कल्पिता छाती काढून हो म्हणाली होती. चार दिवस दुपारी केंद्र बंद ठेवायचं, अल्बम लावायचा आणि ओळ न् ओळ पाठ करायची, असा तिचा बेत होता.

बुधवारी तिने दार लावून घेतलं आणि अल्बमवर दोनदा क्लिक केलं. लाल खिडकी आली: ‘धोका सापडला. फाइल वेगळी ठेवली आहे.’ हा अल्बम साधा फोटो नव्हता, एक छोटा प्रोग्रामच होता, आणि त्या बिचाऱ्या स्टुडिओवाल्याला या अँटिव्हायरसच्या दरबारात कोणी ओळखत नव्हतं. खाली ‘परत आणा’ असं बटण होतं. ते दाबलं की नवीन मुदत विकत घेण्याचं पान उघडायचं. घेते बाबा, म्हणून ती घ्यायलाही बसली. ओटीपी आला, पान गरगरत राहिलं आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणालं. तिने पाच वेळा प्रयत्न केला. मदतीच्या नंबरावर एक यंत्र हिंदीत गोड गोड बोलून तिला पुन्हा पहिल्या पर्यायावर आणून सोडत होतं. कल्पिताला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त संताप.

तिने केंद्रवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, दुसरा कुठला चांगला? अर्ध्या तासात अकरा नावं आली. मुरुडच्या एकाला जो देवासारखा वाटत होता, त्यानेच पेणच्या दुसऱ्याचं मशीन कासव केलं होतं. तिसऱ्याचं म्हणणं, काहीच टाकू नका, विंडोजमध्ये असतो तोच बास. शेवटी तिने अलिबागच्या रितेशला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा.

“ताई, तो आधी उडवा. बेकार आहे एकदम,” रितेश म्हणाला. “उद्या येऊन दुसरा मस्त टाकून देतो.”

वेगळ्या ठेवलेल्या फाइलबद्दल ती त्याला बोललीच नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. पहारेकरी हाकलला की कोंडलेला माणूस बाहेर येणार, एवढा साधा तिचा हिशोब होता.

तिने तो काढायला घेतला. जाता जाताही त्याने तीनदा विचारलं, खरंच जाऊ का, का बरं, अजून एक संधी देता का. मग एक इंग्रजी खिडकी आली, तीन ओळींची, आणि तिच्यात एका चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली. गेली आठ वर्षं कल्पिता गावासाठी अशा खिडक्यांना ‘येस’ म्हणत आली होती. लोकांचे अर्ज, पेन्शनी, दाखले, सगळं तिच्या ‘येस’वर चालायचं आणि वाचत बसली तर रांग हलायची नाही. हातच तसा बसला होता. तिने ‘येस’ दाबलं.

कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. लाल खिडकी नाही, काही नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती उठून चहा ठेवून आली. मग अल्बमचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता.

गुरुवारी सकाळी ती मशीन रिक्षात घालून रितेशच्या दुकानात गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“ताई, वेगळं ठेवलेलं सगळं त्याच्याच पेटीत असतं. तुम्ही त्याला काढलं तेव्हा त्याने विचारलं असणार, पेटीपण पुसू का म्हणून.”

“विचारलंन,” कल्पिता म्हणाली. “मीच व्हय बोल्ले.”

रितेश भला माणूस. त्याने दोन दिवस मशीन ठेवून घेतलं, पुसलेलं शोधायचे जेवढे उपाय होते तेवढे केले. शनिवारी त्याने तिला स्क्रीनवर दाखवलं. अल्बमचं नाव सापडलं होतं, तारीखसुद्धा. तिने पटकन माऊस हातात घेतला.

“नाव आलंय फक्त,” तो म्हणाला. “आत काही नाही.”

तरी तिने दोनदा क्लिक केलं. मग पुन्हा एकदा केलं. रितेशने नवीन अँटिव्हायरस फुकट टाकून दिला होता आणि तो खरंच चांगला होता, एकदाही तोंड उघडत नव्हता.

घरी आल्यावर सगुणाला सांगायचं होतं. पण सगुणा दारात पाहुण्यांना पाणी देत होती, लांबूनच ओरडली, “जाली का तयारी?” कल्पिताने मान हलवली. ती हो होती की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. आदल्या दिवशी दुसरी धवलारीण कुठून मिळणार होती?

रविवारी दिवस कलताना प्राप्तीला पाटावर बसवलं. कल्पिता पुढे बसली, तिच्या मागे दहा-बारा बायका. पहिला धवला तिला येत होता, तो तिने उचलला. दुसरा अर्धा आला, मागच्या बायकांनी सांभाळून घेतला. मग हळदीचं ताट पुढे आलं आणि तिने तोंड उघडलं. ओळीचं शेपूट अगदी स्पष्ट आठवत होतं, आवडाबाई ओळ कुठे सोडायची आणि आपण कुठे धरायची तेही. त्याच्या आधी काय होतं ते मात्र काही केल्या येईना. बायका श्वास भरून वाट बघत होत्या. प्राप्तीने मान वर करून काकूकडे बघितलं. हळद लावणाऱ्या थांबल्या नाहीत, एक हात झाला, दुसरा सुरू झाला.

सगुणा वाकून तिच्या कानाशी आली. “म्हन ना गो. आयच्या मागं तूच त व्हतीस.”

“मागंच व्हते, वैनी,” कल्पिता म्हणाली.