झिजलेल्या तिरप्या रेघेची कळ

“अरे, ती तिरप्या रेघेची कळ विसरू नका रे!”

घोडेगावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या कुंडलिक सरांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, मीच ती कळ. जुन्या कीबोर्डच्या खालच्या ओळीत बसलेली, झिजलेली.

अर्ज टाइप करताना मला कुणी विचारत नसे. फरसाणाचा चुरा तेवढा माझ्याकडे यायचा. मग सर एचटीएमएल शिकवू लागले आणि माझे दिवस पालटले. वेबपान लिहायचं तर प्रत्येक भागाला कोनी कंसातला टॅग लागतो. मथळ्याला टायटल, मजकुराला बॉडी. टॅग उघडला की तोच पुन्हा लिहून बंद करायचा. फक्त नावाआधी माझी तिरपी रेघ. ती राहून गेली तर कुठे थांबायचं ते कॉम्प्युटरला कळतच नाही.

डोंगराकडच्या गावातून एसटीने जया यायची. दोन हजार चारच्या आषाढात एकदा तिची सासू ठमाबाईही सोबत आली.

“पान दिसलं तर बघू. न्हाईतर उद्यापासनं भातलावणीला. शिकायचंय का तुला?” ठमाबाईने विचारलं.

“तुमी म्हणाल तसं, आत्या.”

भारनियमनामुळे तीनला लाईट जाणार होती. टायटलमध्ये स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं. ‘जया’ झालं. पुढे नवऱ्याचं, ज्ञानेश्वर. तोंडाने कधी न घेतलेलं, आणि सासू खुर्चीला खुर्ची लावून बसलेली!

“येवढं लांबलचक काय लिवतीस गं?”

“त्यांचं नाव,” जया पुटपुटली. कसंबसं ते उमटवलं आणि पळाली पुढचा मजकूर लिहायला. टायटल बंद करताना मला शिवलीच नाही. माझा जीव खालीवर झाला. पण कळ कधी आपणहून दबते का?

पान उघडलं. पांढरंफेक.

“येवढं बडवून कोरंच? त्यापरीस तांदूळ निवडलं असतं!”

जया ओळ न् ओळ चाचपत वर गेली. नवऱ्याच्या नावापाशी बोट थांबलं. तिने मला दाबलं, तर मी चुऱ्याने जाम! पुन्हा जोर लावला, तेव्हा कुठे उमटले. मित्रांनो, आम्हाला पुसत जा रे. कुणाचा जीव आमच्यावर टांगलेला असतो.

पान झळकलं. हिरव्या अक्षरांत तिचं गाव, भाताची खाचरं.

“दिसलं बाई!” ठमाबाई पदर सावरत उठली. “झाली हौस. चल, गाडी चुकंल. उद्या लावणीला हात पायजेत.”

तीन वाजले. पंखा थांबला, पडदा काळा झाला. जया उठली नाही.

“लावणी मी करीन, आत्या. वाटंल तेवढी. पण क्लासला येणार. मला हे लई आवडतं.”