दोनदा दाबायचे लाल बटण

मित्रांनो, तळहातावर सहज मावेन एवढा मी एक जुना रेकॉर्डर आहे. माझ्या डोक्यावर दोन छोटे मायक्रोफोन आहेत, तेच माझे कान. मी ऐकतो, ऐकलेले जसेच्या तसे परत करतो, पण स्वतःचे एक अक्षरही बोलू शकत नाही. एरवी त्याचे मला काही वाटत नाही. एका संध्याकाळी मात्र वाटले होते. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मला एका खोलीत नेऊन ठेवले. त्या खोलीत इतकी शांतता होती की तपासणाऱ्या बाईंच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक मला हातोड्यासारखी वाटली. त्यांनी मला पास केले आणि खोक्यात घातले. पुढची दोन वर्षे मी वाद्यांच्या एका दुकानात, काचेच्या कपाटावर, नमुना म्हणून काढली. येणारा प्रत्येक जण मला उचलून 'हॅलो, हॅलो' म्हणायचा आणि परत ठेवायचा. दोन वर्षांत त्यापुढे कोणी काही बोलले नाही. माझ्या शेजारचे रंगीत पडद्याचे नवे रेकॉर्डर भराभर विकले जात. आपण काचेवरच म्हातारे होणार, अशी धास्ती मला वाटू लागली होती.

एका दुपारी दोघे बहीणभाऊ दुकानात आले. बहीण बसस्थानकात गाड्यांच्या घोषणा करायची आणि सुटीच्या दिवशी गायची. भाऊ ड्रम वाजवायचा. त्याला सगळे ठोक्या म्हणत, कारण त्याच्या हाताला स्वस्थता नव्हती. आल्या आल्या त्याने काउंटरवर बोटांनी ताल धरला.

"कशाला विकत घ्यायचा, ताई? फोन आहे की माझा!" तो म्हणाला.

"वाजव बघू जोरात, तुझ्या फोनसमोर," ताई म्हणाली.

ठोक्याने काउंटर बडवला आणि ताईने सूर लावला. फोनमधून परत आला तो नुसता फाटका, खरखरीत आवाज. मग दुकानदारांनी मला पुढे केले, माझ्या बाजूचे चाक फिरवून आवाजाची पातळी कमी केली आणि पुन्हा तेच करायला लावले. या वेळी ठोकाही स्वच्छ आला आणि सूरही.

"मध्येच सेल संपले तर?" ताईने विचारले. "तोवरचं गाणं राहतं का?"

"दाखवतोच," दुकानदार म्हणाले आणि मी ऐकत असतानाच त्यांनी माझ्या पोटातले दोन्ही सेल काढले. माझे कान एकदम बंद झाले! सेल परत बसवल्यावर पाहतो तर सगळे जागच्या जागी होते.

"एवढी काळजी कशाची, बाई?" त्यांनी हसत विचारले.

ताई हसली नाही. "माझ्या स्वरतंतूंवर गाठ आहे. महिन्याने ऑपरेशन आहे. आवाज राहील, पण हाच राहील असं नाही, असं डॉक्टर म्हणालेत. त्याआधी काही गाणी ठेवायची आहेत."

दुकानदारांनी नवे रेकॉर्डर बाजूला सारून मलाच कागदात गुंडाळले. "हा जुना आहे, पण घात करायचा नाही. फक्त एक लक्षात ठेवा. लाल बटण एकदा दाबलं की हा नुसता तयार होतो, दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो, तेव्हाच रेकॉर्डिंग सुरू."

ताई तेव्हा पैसे काढत होती आणि ठोक्या ड्रमच्या नव्या काठ्या निरखत होता. दोघांनीही "हो हो" म्हटले.

ठोक्या एका लाँड्रीत कामाला होता. रविवारी दुपारी लाँड्री बंद झाली की तिच्या मागच्या खोलीत तालीम होई. पहिल्या रविवारी त्यांनी मला धुलाईच्या यंत्रावर ठेवले. आत कोणाच्या तरी चादरी फिरत होत्या. गाण्यापेक्षा घरघरच जास्त भरली. दुसऱ्या रविवारी पातळी चढी राहिली आणि ताईचा वरचा सूर चिरफाळला. ताई कॅलेंडरकडे बघे. आता एकच रविवार उरला होता! त्या दिवशी तिने एका उंच स्टुलावर टॉवेलांची घडी ठेवली, तिच्यावर मला ठेवले आणि ती चार पावले मागे उभी राहिली. बटणही तीच दाबायची, दोनदा, दिव्याकडे बघत. त्या दुपारी सगळे जमून आले.

पण एक गाणे तिने तालमीत म्हटले नाही. ते तिच्या वडिलांनी रचले होते. वडील गेल्यावर ती चाल फक्त तिच्या गळ्यात उरली होती. "ते लोकांसमोरच रंगतं," ती म्हणाली. "कार्यक्रमातच भरू."

कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता, संध्याकाळी पाच वाजता. ऑपरेशनला चार दिवस उरले होते. चाळीस मिनिटांच्या वर गायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. ताई पडद्यामागे कोमट पाणी पीत होती, म्हणून मला ठोक्याने पहिल्या रांगेपुढच्या स्टँडवर लावले. त्याने लाल बटण दाबले. एकदा. दिवा लागलेला पाहिला आणि तो ड्रमकडे पळाला.

माझा दिवा लुकलुकत होता.

मित्रांनो, त्या वीस मिनिटांत माझे काय झाले असेल! ताई आली, दिवे मंदावले आणि तिने पहिल्यांदा वडिलांचेच गाणे घेतले. सूर माझ्या कानांत येत होते आणि कुठेही न थांबता निघून जात होते. वरचा सूर तर असा लागला की समोरच्या एका आजीबाईंनी चष्माच काढून ठेवला. अरे, बघा माझ्याकडे! कोणीतरी बघा! पण मला तोंड कुठे होते?

मध्यंतरात ठोक्या माझ्याजवळ आला आणि वाकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मला उचलले आणि पडद्यामागे जाईपर्यंत तो दुसऱ्या हाताची बोटे मांडीवर वाजवत होता, पण ताल नव्हता त्यात.

"ताई," तो म्हणाला. मला पुढचे ऐकू आले, कारण मला त्याने मुठीत घट्ट धरले होते. "काहीच नाही भरलं. माझ्यामुळे."

ताईने माझा दिवा पाहिला, त्याच्या हातातून मला घेतले आणि ती म्हणाली, "रडू नकोस. डोळे पूस, वाजवायचं आहे."

दुसऱ्या भागाला तिनेच मला स्टँडवर लावले. बटण दोनदा दाबले. दिवा स्थिर झाला. मग ती लोकांना म्हणाली, "मघाचं पहिलं गाणं पुन्हा म्हणते. आमच्या यंत्राला तेव्हा ऐकू आलं नव्हतं." लोक हसले, टाळ्या वाजल्या. ते गाणे तिला दुसऱ्यांदा का हवे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

गळा थकला होता. दोन कडवी नीट झाली. तिसऱ्यात, त्याच वरच्या सुरावर, आवाज मोडला. ती क्षणभर थांबली, श्वास घेतला आणि खालून सूर धरत तिने गाणे पुरे केले. ते मी सगळे भरून घेतले, तो तुटलेला क्षणही.

ऑपरेशन झाले. पंधरा दिवस बोलायचे नाही, कुजबुजायचेही नाही, असा हुकूम होता. ताई वहीत लिहून बोलत असे. मला ती उशाशी घेऊन ऐके. एकदा ठोक्या म्हणाला, "तो मोडलेला तुकडा कॉम्प्युटरवर कापून टाकता येईल, ताई. मी शिकून घेतो." तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले, 'हात लावलास तर बघ.'

सोळाव्या दिवशी ती बोलली. आवाज जाड, खालचा, जणू दुसऱ्याच कोणाचा. घोषणांच्या खोलीत ती परत गेली तेव्हा एका जुन्या ड्रायव्हरने घोषणा ऐकून दाराबाहेरूनच विचारले, "नवीन आलात का?" घरी येऊन तिने हे हसत सांगितले आणि मग तोंड भिंतीकडे वळवले.

गाणे थांबले. मी टेबलाच्या खणात गेलो, सेलसकट. सहा वर्षांत कोणी खण उघडला नाही. सेल गळले, माझ्या पोटात हिरवट बुरशीसारखे काही चढले. माझ्या ज्या मेमरी कार्डात ते गाणे होते, त्याची दुसरी प्रत कोणी काढली नव्हती. मी गेलो तर तेही जाणार, या भीतीने मी त्या अंधारात एकेक दिवस काढला.

शेवटी ठोक्यानेच मला बाहेर काढले. कापसाच्या बोळ्याने तो सेलांना टेकणारी एकेक पत्री पुसत होता. ताई शेजारी उभी होती, पदराचे टोक चुरगाळत. नवे सेल घातले. काही नाही. पुन्हा पुसले. तिसऱ्या खेपेला माझा पडदा उजळला आणि जुना आवाज खोलीत आला, मोडून सावरलेला. त्याच बैठकीत ठोक्याने दोन प्रती काढल्या.

"ताई, या जुन्या आवाजाबरोबर तू गा ना," तो म्हणाला. "दोन्ही मिळून छान वाटेल."

"नको," ती म्हणाली. "तिचं तिला गाऊ दे. मला माझं गायचं आहे."

आणि तिने तेच गाणे चार सूर खाली घेऊन म्हटले. वरचा सूर आता वर नव्हता, पण तो मोडला नाही.

मित्रांनो, तेव्हापासून मी दर रविवारी तालमीला जातो. माझे चाक आता अडकते, पडद्याचा एक कोपरा काळा पडला आहे. एवढेच मागतो की काम झाले की आमचे सेल काढून ठेवत जा, आणि जे भरले त्याची प्रत त्याच दिवशी दुसरीकडे ठेवत जा. मी एक दिवस बंद पडणार, त्याचे मला दुःख नाही. त्या दिवशी माझ्याबरोबर कोणाचा आवाज जाऊ नये, एवढीच धाकधूक आहे.